दस्त्यावर कोरलेलं नाव

ज्या बंदुकीने माणसं मारली, ती तुम्ही तेल लावून घरात जपाल का?

माझं उत्तर मला लहानपणीच छापून मिळालं होतं. आमच्या घरात अंथरुणांपेक्षा युद्धविरोधी पत्रकांचे गठ्ठे जास्त. वडील ती छापत, आई घड्या घालत असे, आणि मी त्यांच्यावरूनच वाचायला शिकलो. युद्ध कोण पुकारतं आणि त्यात मरतं कोण, हे मला पाढ्यांआधी पाठ होतं. त्यामुळे साठ सालानंतर प्रबंधाच्या कामासाठी जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनला आलो आणि पहिल्याच रविवारी घरमालकाने वरच्या मजल्यावरची खोली उघडून “या, डॉक्टरसाहेब, माझा संग्रह बघा,” म्हटलं, तेव्हा मला विचार करावाच लागला नाही.

घरमालक म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. भिंतीवर दोन्ही महायुद्धांतल्या नऊ जुन्या रायफली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून, आठवतील तेवढे जर्मन शब्द गोळा करून त्याला सुनावलं. ही खुनाची अवजारं आहेत, ती पुसणारा खुनाला चकाकी देतो, मी या खोलीत पाय ठेवणार नाही. त्याने शांतपणे ऐकलं. “गेनाऊ,” म्हणजे ‘अगदी बरोबर’, एवढंच म्हणाला आणि दार हळूच लावून घेतलं. मी जिंकलो, असं मला वाटलं.

पुढचं वर्षभर रविवारच्या दुपारी जवसाच्या तेलाचा वास जिना उतरून माझ्या खोलीत येत राहिला. बाहेर ऱ्हाइनवरचं धुकं आणि धुरांड्यांचा धूर एकमेकांत मिसळलेले असत. नदी कुठे संपते आणि आकाश कुठे लागतं, कळायचं नाही. वरून लाकडावर फडकं फिरल्याचा आवाज येई, संथ, जणू कुणी झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवत आहे. पुस्तकावर माझे डोळे मिटत. त्या पेंगेत मला आमचं अंगण दिसे, त्यात धुकं भरलेलं असे, आणि कुणीतरी कुंपणापलीकडे नुसतं उभं असे.

मग खंडेनवमी आली. वडील देव मानत नसत, पण त्या दिवशी छपाईच्या यंत्राला फूल वाहिल्याशिवाय राहत नसत. मीही टेबलावर स्लाइड रूल, थर्मामीटर आणि फाउंटन पेन मांडलं, हळदकुंकू लावलं आणि अंगणातून मागून आणलेला डेलिया वाहिला. घरमालकीणबाई केक घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“थर्मामीटरचा वाढदिवस आहे का?”

मी सांगितलं, आमच्याकडे आज ज्याच्या-त्याच्या अवजारांची पूजा होते. लोहाराच्या हातोड्याची, सुताराच्या करवतीची.

“आणि सैनिकाच्या?”

खोटं बोलायची सवय नव्हती. “शस्त्रांचीसुद्धा,” मी म्हणालो.

बाई जिन्याकडे वळून ओरडल्या, “अरे, ऐकलंस का? तुझ्या शांतिदूताच्या घरी बंदुकांना फुलं वाहतात!”

वरून म्हाताऱ्याचा आवाज आला. “अस्सं! मग येताना फूल घेऊन या म्हणावं. माझ्याकडे नऊ आहेत, एक तरी पुजा.”

त्या दोघांच्या हसण्यात विखार नव्हता. माझे कान मात्र तापले. कुंकवाची डबी घेऊन मी वर गेलो.

आत गेल्यावर कळलं की त्याने एकही देखणी बंदूक जमवली नव्हती. ज्यांच्यावर माणसाची खूण राहिली आहे, तेवढ्याच घेतल्या होत्या. एका दस्त्यावर दातांचे व्रण होते. एक बंदूक कुणा विधवेच्या परसात घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून कित्येक वर्षं उभी होती. म्हातारा दस्ते कधी घासत नसे, पॉलिश करत नसे, नुसतं तेलाचं फडकं फिरवी. घासलं की माणूस पुसला जातो, म्हणाला.

शेवटची त्याने माझ्या मांडीवर ठेवली. इंग्रजी बनावटीची, पहिल्या युद्धातली.

“मी एकोणीस वर्षांचा होतो. फ्रान्समध्ये. पहाट, धुकं. हिचा धनी, इंग्रजांच्या फौजेतला हिंदी शिपाई, खंदकात पडला होता, तुमच्यासारखाच सावळा. माझ्या गोळीने की दुसऱ्या कुणाच्या, ठाऊक नाही. कालव्याकाठी पॉप्लरच्या झाडांखाली मीच त्याला पुरला. ती जागा माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. यावर काय लिहिलंय?”

त्याचा अंगठा दस्त्यावरच्या बारीक रेघांवरून फिरत होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याने त्याला त्या आता दिसत नव्हत्या. पाद्रीबाबांनी नक्षी म्हणून सांगितलं होतं, एका प्राध्यापकाने अरबी.

“भारतीय विद्यार्थी खोली शोधतोय असं कळलं, म्हणून तर तुम्हाला खोली दिली.”

“मग वर्षभर विचारलं का नाही?”

“ज्याने मला दारातच खुनी म्हटलं, त्याच्यापुढे ही घेऊन कसा येऊ?”

रेघा उठून दिसाव्यात म्हणून मी, घरोघरी मूर्तीपुढे कालवतात तसं, पाण्यात कुंकू कालवलं आणि बोटाने त्या रेघांत भरलं. “पाणी नको!” तो ओरडला, पण तोवर लाल रंग लाकडात उतरला होता. जुनं, तहानलेलं लाकूड. तो डाग आता कधीच निघणार नाही. संग्रह करणारा त्याचा एक मित्र पुढे म्हणाला, एका परदेशी पोराने चांगली वस्तू वाया घालवली. खरं आहे. पण त्या लालीतून अक्षरं वर आली. चाकूने कोरलेली, आपली मराठी अक्षरं. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव.

मी वाचलं. त्याने मला पुन्हापुन्हा वाचायला लावलं, स्वतःच्या जिभेवर नीट बसेपर्यंत.

ते नाव मी इथे छापत नाही. त्याच्या घरच्यांना ते बातमीसारखं कळू नये. गावच्या मास्तरांना मी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: त्या आडनावाची घरं आहेत, पण हा कोणाचा, ते कुणालाच सांगता येत नाही. माणसं घरातल्या हाकेच्या नावाने लक्षात राहतात, कागदावरच्या नाही. शिवाय बरीच घरं गाव सोडून गेली.

बंदुकीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण दर रविवारी म्हातारा विचारतो, “पत्र?” आणि मी नाही म्हणतो. तो पॉप्लरच्या रांगेतली झाडं बोटांवर मोजून मला पुन्हा जागा सांगतो, मी विसरू नये म्हणून. आम्हा दोघांनंतर ती कुणाला ठाऊक राहणार?

म्हणून तुम्हाला विनंती आहे. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ आजच बसा. आपल्यातलं कोण त्या पहिल्या लढाईवर गेलं आणि परत आलं नाही, ते विचारा. त्याचं नाव, गाव आणि घरात त्याला काय म्हणून हाक मारत, हे एका कार्डावर लिहून या पुस्तकाच्या प्रकाशकाकडे पाठवा.