आतल्या बाजूचं हिरवं बटण

रोहिदासला नव्या इमारतीत कुलूप बसवायला बोलावलं की तो आधी दाराकडं बघतच नाही. थेट आत जाऊन उभा राहतो आणि विचारतो, "लाइट गेल्यावर हितं आत कोन आसंल?" मालक चक्रावतो. हा काय कुलपाचा प्रश्न झाला? पण शिरूरपासून दौंडपर्यंत दवाखान्यांना, ऑफिसांना कार्डावर उघडणारी दारं बसवणारा हा इनामगावचा गडी आधी तेवढंच विचारतो. पूर्वी असा नव्हता. सोपानआप्पांच्या इमारतीत जे झालं, तेव्हापासून त्याला ही सवय लागली.

सोपानआप्पा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. शिरूरच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेल्या घरच्या जागेत त्यांनी तीन मजली इमारत उठवली. खाली भाजीपाल्याच्या बियाणांचं दुकान, आणि मागं महागडं बियाणं ठेवायची खोली. खोलीला खिडकी म्हणून नाही. या खोलीच्या एकुलत्या एका दाराला कुलूप कुठलं बसवायचं, यावरून दोघांची जुंपली.

अशी कुलपं दोन तऱ्हेची. एकात लोखंडी खिट्टी असते. लाइट गेली तरी ती जागची हलत नाही, दार बंद ते बंद. दुसऱ्यात चौकटीला चुंबक आणि दाराला लोखंडी पट्टी. वीज आहे तोवर दोन पैलवान लोंबकळले तरी दार सुटायचं नाही, आणि वीज गेली की चुंबकातला जीवच गेला, दार मोकळं.

"मला खिट्टीचंच पायजे," आप्पा म्हणाले. "आपल्याकडं लाइटीचा काय भरवसा? ती गेली की दार सताड उघडं ठिवू व्हय?"

"पर आप्पा, तवा आत मानूस आसला तर?"

"कोन आसतंय आत? बियाणाच्या पिशव्या."

"तरी चुंबकाचंच घ्या. त्याला बॅटरी जोडतो, लाइट गेली तरी धरून ठिवंल. फकस्त आतल्या अंगाला एक हिरवं बटण बसवू. दाबलं की दार सुटलं."

बटण म्हणताच आप्पांचा चेहरा उतरला. इतका वेळ तावातावानं बोलणारा माणूस एकदम हळू आवाजात म्हणाला, "आतनं उघडायचं कायबी नको. ज्याच्याकडं कार्ड हाय त्यानं कार्ड लावावं. बाकी कुनाला आतनं उघडता येता कामा नये."

रोहिदासनं मान डोलावली. आप्पांशी हुज्जत कोण घालणार? त्यांनी चारचौघांत एक शब्द वाकडा टाकला असता तर त्या भागात रोहिदासला कुणी दारात उभं केलं नसतं. त्यानं चुंबक बसवला, बॅटरी जोडली, कार्डाचं मशीन आतबाहेर लावलं, बटण काही बसवलं नाही.

दसरा झाला आणि आप्पांचा फोन आला. "तुझं दार आपूआप उघडतंय. रोज दिवेलागणीला. आज बंद राह्यलं न्हाई तर तुझं सामान काढून रस्त्यावर टाकीन."

रोहिदास दुपारीच हजर झाला. झाडलोट करणाऱ्या गिताबाई तेवढ्या आत होत्या. त्यानं दार उघडून पट्टी बघितली आणि कपाळावर हात मारला. पट्टीवर हळदकुंकवाचा पाण्यात कालवलेला जाड थर, पार वाळून खडखडीत झालेला.

"मावशी, ह्ये कुनी केलं?"

"आमीच की. वजनकाट्याची पूजा केली, काम्पुटरची केली, मग कुलपानंच काय घोडं मारलंय?"

रोहिदासला हसूच फुटलं. जीव भांड्यात पडला. चुंबक आणि पट्टी एकमेकांना घट्ट चिकटली पाहिजेत. मध्ये एवढासा थर आला तरी पकड ढिली पडते, मग वाऱ्याच्या झोतानंही दार सुटतं. त्यानं पट्टी खरवडली, फडक्यानं पुसून लख्ख केली.

गिताबाई बघत होत्या. म्हणाल्या, "पुसा बापा. पर मंग ती कुठनं जाईल?"

"कोन?"

"सारजाक्का. आप्पांची चुलती. तिनंच त्यास्नी ल्हानाचं मोठं केलं. ही इमारत झाली ना, तिथं तिची पत्र्याची खोली व्हती. म्हातारपनी डोक्यात राहीना तिच्या. पर दिवेलागण तेवढी इसरली न्हाई. लक्षुमी यायच्या वक्ताला दार उघडायचं, उंबऱ्याला हळदकुंकू वाह्यचं, आन् मंग आपली आपन चालाया लागायची. कुठंबी. एकदा नदीवरनं धरून आनली. मंग भायेरनं कडी घातली तिला."

"आप्पांनी?"

"तर कोन? रोज तिन्हीसांजंला आतनं दार वाजायचं. 'सोपाना, दिवं लागलं रं, दार उघड.' समद्या आळीला ऐकू यायचं. मलाबी यायचं. मंग एक दिस वाजलंच न्हाई."

रोहिदासला बापाचं बोलणं आठवलं. इनामगावला नदीकाठच्या पांढरीत, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या टेकाडात, उत्खनन झालं, तेव्हा त्याचा बाप मातीच्या पाट्या वाहायला होता. बाप सांगायचा, ती माणसं मेलेल्याला घरातच पुरायची, आणि पुरताना घोट्याखाली पाय तोडायची. घर सोडून जाऊ नये म्हणून, असं तिथले साहेब म्हणायचे. लहानपणी हे ऐकून रोहिदास कित्येक रात्री पाय पोटाशी घेऊन झोपला होता.

दिवस कलला तसे आप्पा आले. दाराला हात लावून म्हणाले, "मी आत थांबतो. तू भायेरनं वढ." दार बंद झालं. रोहिदासनं चौकटीला पाय लावून सगळी ताकद पणाला लावली. दार तसूभर हललं नाही.

"बघा आप्पा! आता काय बिशाद हाय उघडायची?"

तेवढ्यात रस्त्यावरचे दिवे लागले, आणि दुकानातला दिवा फडफडून विझला. रोहिदासनं कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. पुन्हा लाल. मशीन हँग झालं होतं, आणि ते बंद करायची पेटी होती आत, छताशी. बॅटरीवर चुंबक मात्र धरून बसलेला.

"आप्पा, तुमचं कार्ड लावा!"

"लावतोय की! उघडंना! आरं, अंधार हाय हितं!"

आप्पांनी दारावर बुक्क्या मारल्या. मोठ्या, वर, छातीच्या उंचीला. मग बुक्क्या थांबल्या.

"रोहिदास... आत कोन हाय?"

"कुनी न्हाई आप्पा. तुमीच."

"न्हाई. कुनीतरी दार वाजवतंय. माझ्या शेजारनं."

रोहिदासनं तळहात दाराला लावला. आप्पा म्हणत होते ते खरं होतं. खूप खाली, त्याच्या मांडीपाशी, कुणीतरी हळू हळू थापा मारत होतं. प्रत्येक थापेबरोबर काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या. तो मागं सरला. गिताबाईंच्या हातातला झाडू गळून पडला. आत तो एवढा मोठा माणूस लेकरासारखा रडायला लागला होता. "आक्का, उघडतो गं. उघडतो. माझ्याच्यानं उघडंना गं."

खट्.

दार आपलं आपण उघडलं. कार्ड कुणी लावलं नव्हतं, मशीनचा दिवा लालच होता. उंबऱ्यावरून गार हवा रोहिदासच्या पायांना चाटून बाहेर गेली. गिताबाईंनी वाट सोडली, हात जोडले आणि रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "जा बाई, जा."

आप्पा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. रोहिदासनं मोबाइलचा उजेड दारावर टाकला. दुपारी त्यानं लख्ख पुसलेल्या पट्टीवर कुंकवाचं बोट उमटलं होतं. ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनीच बोलावलं. बॅटरी काढून टाकायला लावली. "लाइट गेली की उघडू दे दार. चोर येतील तर येतील. आन् त्ये तुझं बटण बसव. आतनं."

रोहिदासनं पेन्सिल घेतली आणि नेहमीप्रमाणं छातीच्या उंचीला भिंतीवर खूण केली. आप्पांनी त्याचा हात धरून खाली आणला. आणखी खाली, मांडीपर्यंत.

"हितं बसव," ते म्हणाले. "ती पार वाकली व्हती रं. वर हात पोचायचा न्हाई तिचा."