दिल्लीत अडकलेलं नाव

प्लास्टिकचा कचरा खाली ठेवून वर आले तर फोन वाजत होता. इकडे जपानात, एदोगावात सकाळचे आठ, म्हणजे मुंबईत पहाटेचे साडेचार. या वेळी भाचीचा फोन म्हटल्यावर उचलायची हिंमत होईना. “आत्या, बाबा गेले,” एवढंच मुक्ता बोलली. त्याला आता सहा आठवडे झाले. दादा गेला, माझी भीती मात्र आहे तिथेच आहे.

दादा मुंबईत वकील. तीन वर्षांपूर्वी हायकोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी त्याची शिफारस झाली आणि फाइल दिल्लीला, केंद्र सरकारकडे गेली. आता माणूस कोणत्या पक्षाचा, कोणाच्या शेजारी बसतो, हे सगळं तिथे पाहणार. दादा कुठल्याच पक्षाचा नव्हता, पण ते सिद्ध कसं करायचं? त्याने फेसबुक बंद केलं, लग्नाकार्यांना जाणं सोडलं, कोणी मोबाइल वर केला की हा बाजूला. हे आज ना उद्या जज होणार, म्हणून पक्षकारही नवी कामं देईनात. मीच म्हटलं, “इकडे ये. जपानमध्ये तुला कोण ओळखतंय?”

आला. आमच्या मंडळाच्या गणपतीला घेऊन गेले, तर दौऱ्यावर आलेले विरोधी पक्षाचे एक पुढारी नेमके तिथेच दर्शनाला. फोटो निघाले. घरी येताना दादा म्हणाला, “चित्रा, हे कुठे जाणार नाहीत ना?” “किती घाबरशील रे,” मी हसले. आणि मंडळाच्या ग्रुपवर चाळीस फोटो न बघताच टाकून मोकळी झाले. लक्षात आल्यावर पुढाऱ्यांबरोबरचा तो एक काढला, पण तोवर दोन तास गेले होते. दादाला सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी त्याच्याबरोबरच्या सगळ्यांच्या नेमणुका झाल्या, त्याचं नाव तेवढं राहिलं. दिल्ली कारण सांगत नाही. “निदान कळलं असतं तर...” दर फोनला तो म्हणायचा, आणि मी जेवणखाण विचारायचे. त्या फोटोचा काही संबंध नसेलही. पण नाहीच, हे मला कोण सांगणार?

परवा मुक्ताचा मेसेज आला. कोर्टातल्या वकिलांनी शोकसभा ठेवली आहे. “आत्या, बाबांचा हसरा फोटो हवाय. गेल्या तीन वर्षांतला एकही नाही गं. तुझ्याकडे असेल ना?”

आहे, एकच. पुढाऱ्यांना कापून काढायला बसले. दादा छान हसतोय. पण त्यांनी त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात काही केल्या निघत नाही. मुक्ताही वकील आहे. तो हात कोणाचा, हे ती विचारणारच.