बिनचुंबळीची बाई

सोनईच्या पंचक्रोशीत लग्न ठरलं, की आधी भटजी गाठायचा का रंगुबाई, यावरून घराघरांत वाद व्हायचे. लग्नघराच्या भिंतीवर भालदार-चोपदार, हत्ती, केळीचे खांब काढावेत ते तिनंच. शाळेची पायरी ती चढली, पण चुना द्यायला. शिंदीची काडी ठेचून कुंचला करायचा, गेरू, नीळ, काजळ कालवायचं, आणि पदर खोचून भिंतीला भिडायचं.

एकाहत्तर साली आडासमोर चावडीची नवी भिंत उभी राहिली. सरपंच आप्पासाहेबांनी रंगुबाईच्या हातात एक कॅलेंडर दिलं. त्यावर पाणीवाली होती. डोक्यावर घागर, एक हात कमरेवर, दुसऱ्यात कमळ, आणि कंबर कशी, तर मुठीत मावावी!

"सोमवारी सायेब येनार. हुबेहूब अशीच काढ."

रंगुबाईनं कॅलेंडर बघितलं, आडावर पाणी शेंदणाऱ्या बायका बघितल्या, आणि कॅलेंडर रंगाच्या डब्यांखाली अंथरलं. चौथ्या दिवशी भिंतीवर बाई उभी! रुंद खांदे, काष्ट्याचं लुगडं, बाळंतपणांनी सैलावलेलं पोट, भेगाळलेल्या टाचा. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर हंडा.

आप्पासाहेब आले ते गड्याच्या हाती चुन्याची बादली देऊनच. "फासा चुना! पोट काय, टाचा काय! हसत बी न्हाई."

आजवर रंगुबाईनं शेकडो हत्ती काढले, पण खरा हत्ती तिनं कधी पाहिलाच नव्हता. रोज डोळ्यांनी बघितलेलं असं तिनं काढलं ते हे पहिलंच. तेच पुसायचं?

पण डगमगेल ती रंगुबाई कसली! "पुसते की, आप्पा. तुमची काढते. फकस्त घागर घिऊन तसं हुबं कसं ऱ्हायचं, तेवढं दावा."

आडावर पाणी शेंदणाऱ्या बायकांतल्या गोजरबाईनं भरली घागर आणली. "घ्या सरपंच. कमळ न्हाई, वांगं हाय."

गाव जमलेलं. मागं सरणार कसं? आप्पासाहेबांनी फेट्यावर घागर टेकवली.

"फेटा काढा!" रंगुबाई म्हणाली. "तुमच्या बाईला कुटं चुंबळ हाय?"

फेटा गेला. एक हात कमरेवर, एका हातात वांगं.

"कंबर वाकडी!" गोजरबाई ओरडली.

त्यांनी ती केली मात्र, घागर घरंगळली आणि सरपंच धोतरासकट न्हाले! सगळ्यांत आधी आप्पासाहेबच खो-खो हसले.

"चुंबळ पायजे," धोतर पिळत ते म्हणाले. भिंतीकडं बघत राहिले. "पोट बी पायजे. त्याबिगर तोल कसा धरंल? ऱ्हाऊ दे तुजी बाई. पन हसत का न्हाई ती?"

"आतापत्तुर हसन्यासारकं काय घडलंच नव्हतं!"

असं म्हणत रंगुबाईनं त्याच चुन्याच्या बादलीत कुंचला बुडवला आणि बाईच्या ओठांत पांढरेशुभ्र दात काढले. पुढचा एक तेवढा सोडला. गोजरबाईलाही तो नव्हता.