चिमाबाईला दिलेला करंट

खंडाळ्याच्या रेल्वे चाळीत भिकाजी आमचा शेजारी. घाटातल्या आगगाडीच्या विजेच्या तारा दुरुस्त करायचा. बोलायला महाकंजूष, पण बायकोवर, चिमाबाईवर, जीव टाकायचा. तिचं मन दोन टोकांना धावे. कधी झोपेचं नाव नाही, साऱ्या चाळीला पुरणपोळ्या, गाणी आणि खिदळणं. मग महिनोन् महिने भिंतीकडे तोंड. बासष्ट साली ती अशी पडली की पाण्याचा घोटही जबरीने पाजावा लागे. औषधं करून झाली. ती वाचेल असं आम्हा शेजारणींना काही वाटत नव्हतं.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, डोक्याला विजेचे झटके देऊन पाहू. भिकाजीच्या तोंडचं पाणी पळालं. विजेनं माणसाचं काय होतं ते त्यानं घाटात पाहिलं होतं. प्रवाह बंद करून तार जमिनीशी जोडल्याशिवाय तो तिला बोट लावत नसे. तरी मन घट्ट करून हो म्हणाला, दुसरा उपायच नव्हता.

पुण्याच्या इस्पितळात झटक्याच्या वेळी धरायला माणूस कमी पडला, म्हणून त्यालाच आत बोलावलं. चिमाबाईच्या दातांत कापडाची गुंडाळी, कानशिलांवर ओले बोळे. डॉक्टरांनी बटण दाबलं. तिचं अंग ताठ झालं, मग थडथड उडू लागलं. नर्सबाई खांदे धरायला वाकल्या आणि या बहाद्दरानं त्यांना मागे ढकललं.

"हात लावू नगा! आदी लाइन बंद करा!"

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आपला उघडा तळवा तिच्या कपाळावर ठेवला. "करंट केव्हाच थांबला, भिकाजी. आता हे तिचं शरीरच करतंय. पाय धरा."

त्यानं धरले. "अख्खी गाडी घाट चढवती ती वीज," तो मला सांगायचा, "आन् हितं निस्ती चिमूटभर, मावशी. माजं हात आपसूक जोडलं गेलं." ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, आजही येतो.

असे आणखी काही झटके झाले. त्या वर्षातलं पुष्कळसं ती विसरली, आणि पुढे दुखणं एकदा उलटलंही. पण झटके चालू असतानाच एका दुपारी भिकाजी इस्पितळात तिच्या खाटेशी डबा घेऊन बसला होता, रोजच्यासारखा, न उघडता. चिमाबाईनं कूस बदलली आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"लय वाळलाय तुमी. जेवत न्हाई व्हय?"

तिनंच उठून डबा उघडला, भाकरी मोडली आणि पहिला घास त्याला भरवला.