दाजींच्या वाटणीचं भांडण

फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या कोठी भागात होतो. दवाखान्याचं सामान विकणाऱ्या एका दुकानात, कठडे लावलेल्या लोखंडी पलंगाचा भाव करत. दुकानदार खाली यायला तयार नव्हता, मी उठायला तयार नव्हतो, आणि आवाज दोघांचेही चढले होते. तेवढ्यात अक्काचा फोन. "माणिक, पलंग घेऊ नको. हे गेले." सकाळचा चहा पिऊन दाजी खुर्चीत बसले होते. अक्का कप उचलायला आली तेव्हा... दुकानदाराला काही न सांगता मी बाहेर पडलो. खोटं कशाला लिहू, रस्त्यावरच्या गर्दीत उभं राहून मला आधी हायसं वाटलं. दाजींना त्या पलंगाची धास्ती होती. झोपवून भरवतील आणि येणारा-जाणारा 'बिचारा' म्हणेल, एवढंच त्यांना नको होतं. ते झालं नाही. रडू आलं ते नंतर, दाजींच्या नारायणगुड्याच्या घराचा जिना चढताना.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लातूरकडच्या आमच्या गावातून मी त्यांच्यामागून हैदराबादला आलो तो हमाली करायला. मिरचीची पोती वाहून वाहून अंगाची आग व्हायची. त्यातून वर आलो, आणि पुढे मिरचीच्या व्यापारात दाजींचा भागीदार झालो. आमची कामं वाटलेली होती. लॉरीवाले, हमाल, बँक आणि भांडणं माझ्याकडे, खरेदी त्यांच्याकडे. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि अडत्या एका रुमालाखाली हात घालत, आणि बोटं दाबून भाव सांगत. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळायचं नाही. दाजी या कामात पटाईत. मला त्यांनी कधी रुमालाखाली हात घालू दिला नाही. म्हणायचे, "तुझी बोटं गप बसतील रे, तोंडाचं काय करू?" माझा राग, लोभ, सगळं तोंडावर दिसतं, हे खरंच आहे.

एके दिवशी एका नव्या अडत्याबरोबर सौदा झाला आणि मग त्याने पुकारलेला भाव ऐकून मी उडालोच. त्या मालाला तो भाव वेड्यानेही दिला नसता. "दाजी, डोकं फिरलं का तुमचं?" मी भर बाजारात ओरडलो. अडत्या शपथेवर सांगत होता की दाजींनी बोटं तेवढीच दाबली. तेव्हा मल्लय्या मध्ये आला. मल्लय्या हा जुना अडत्या. दाजींबरोबर जन्मभर सौदे केलेला, आणि माझ्याशी जन्मभर भांडलेला.

"चिल्लाव नक्को सेठ," तो हळूच म्हणाला. "हात हिलता उनका. इने समझा, बोट दबाए."

"तुला काय माहीत?"

"बहुत दिनां से हिलता. मेरे हात में रहता ना उनका हात."

"मग मला कामून सांगितलं नाहीस?"

"रुमाल के अंदर की बात बाहर कैसा बोलना, सेठ?"

त्याने त्या नव्या माणसाला समजावून सौदा मोडला. पण माझ्या डोक्यात जे गेलं ते गेलंच. घरी आल्यावर कळलं की अक्का आणि दाजी डॉक्टरकडे जाऊन आलेले होते, आजाराचं नाव पार्किन्सन आहे, गोळ्या चालू आहेत. अक्काला माहीत, मल्लय्याला माहीत. ज्याच्याबरोबर मी एका डब्यात जेवत होतो त्याने मला सांगितलं नाही. हा राग मी बरीच वर्षं जपला. अजूनही पूर्ण गेलाय असं म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी बाजारात आले नाहीत. "मी आता सोडतो," म्हणाले. "हात दिसायलाय लोकांना." हा माणूस घरी बसला तर खुर्चीतून पलंगावर जायला त्याला वेळ लागणार नाही, हे मला कळत होतं. मी म्हणालो, हंगाम संपेपर्यंत चला. ते म्हणाले, आठवडाभर. मी दिवाळीवर आलो, ते पंधरा दिवसांवर आले, आणि अक्का आतून म्हणाली, "जोवर पाय चालतात तोवर जातील. उठा आता दोघं." सौदा तिनेच पक्का केला.

मग नवी पद्धत बसली. माल बघायचे दाजी, किती द्यायचे ते माझ्या कानात सांगायचे, आणि रुमालाखाली हात माझा. ते शेजारी खुर्चीत. गोळीची वेळ झाली की सौदा थांबायचा. बाजाराने तेही शिकून घेतलं. त्या आजारात माणसाचा चेहरा हळूहळू थिजतो. हसू, चिंता, काही उमटत नाही. अडते माझ्याकडे न बघता दाजींकडे बघायचे, त्या चेहऱ्यावर काहीच दिसायचं नाही, आणि घाबरून आपणच भाव उतरवायचे. मी चिडून म्हणालो, "मला उभ्या जन्मात जमलं नाही ते तुम्हाला बसल्या जागी मिळालं." दाजी म्हणाले, "फुकट मिळालंय, वापर की." चेहरा तसाच, पण खांदे हलत होते. तेव्हापासून त्यांचं हसू मी खांद्यांवर बघायला लागलो.

सुरुवातीचे काही दिवस मी त्यांच्याशी हळू बोलायचो. आजारी माणूस, आपण जपलं पाहिजे, असं. एकदा दुकानात त्यांनी माझा हात धरला. "माणिक, मी मेलो का रे?"

"असं काय बोलता दाजी?"

"मग कुजबुजायलास कामून? सगळे कुजबुजायलेत. ह्याच्यासाठीच तुला सांगितलं नव्हतं. एक माणूस तरी माझ्यावर वरडणारा पाहिजे होता."

"आणि मल्लय्याला सांगितलेलं चाललं?"

"त्याला मी कुठं सांगितलं? हातानं सांगितलं."

मी ओरडलोच. ते बरे दिसले.

पुढे त्यांचा आवाज बसत गेला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज मोठ्याने बोलायचं, नाहीतर आवाज विझेल. अक्काने पोथी वाचायला दिली. दोन ओळींत आवाज पुटपुटण्यावर यायचा. ती म्हणाली, "ह्यांचा आवाज निघतो तो फक्त माणिकशी भांडताना." झालं. दुकान बंद केलं की मी नारायणगुड्याला जायचो आणि आम्ही ठरवून भांडायचो. भाकरी ज्वारीची का बाजरीची, मिरचीत तेजा चांगली का ब्याडगी, गावची विहीर कुणी बुजवली... सुरुवात खोटी असायची, मग दोघंही खरेच तापायचो. पाय अडखळायला लागले, गुंड्या अक्का लावायला लागली, बाजार आठवड्यातून एकदाच व्हायला लागला, पण भांडण चुकलं नाही. जायच्या आदल्या संध्याकाळीही त्यांनी मला "बैल" म्हटलं, अगदी स्पष्ट.

ते गेल्यावर बरेच दिवस घरात माणसं होती आणि सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मी आणि अक्कासुद्धा. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा ती एकटीच होती. चहा दिला. एक घोट घेतला आणि तोंडून निघून गेलं, "अक्के, हा चहा आहे का भांडी धुतलेलं पाणी?" निघालं ते दाजींशी भांडायच्या आवाजात. मी जीभ चावली. अक्का पदर खोचून उभी राहिली.

"आवडत नसेल तर खाली हॉटेलात जा! रोज येऊन फुकटचा पितोस आणि वर नावं ठेवतोस?"

"फुकटचा? साखर कोण आणून टाकतं?"

"साखर आणतोस तीही भाव करून करून, खडे निघालेली!"

आम्ही बराच वेळ भांडलो. खालच्या घरात टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. ऐकू देत, म्हटलं, आणि कप पुढे करून आणखी मागितला.