दाजी पुन्हा ऐरणीपाशी बसले

मी तेव्हा विशीत होतो. कर्जतजवळ एका ठेकेदाराचं लोहारकाम चालायचं. घाटातल्या रेल्वे लाइनीवर लागणाऱ्या पहारी, कुदळी तिथं बनत. थोरल्या बहिणीचे यजमान, माझे दाजी, सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीपाशी बसायचे आणि समोरून मी घण मारायचो.

एक दिवस घणाचा दांडा सैल लागला. मुकादमाला सांगितलं, तर जेवणाच्या सुट्टीत पाचर मारून घे म्हणाला. सुट्टीच्या आधीच घण दांड्यातून निसटला आणि दाजींच्या डाव्या हातावर पडला. मी नुसता दांडा धरून उभा होतो.

दवाखान्यात चार बोटं काढली, अंगठा तेवढा राहिला. बहीण मला एका शब्दानं बोलली नाही. त्यानं मी आणखीच घाबरलो. तिच्या घरी जेवायला जाणं मी सोडलं. घण सोडून मी कोळसा वाहू लागलो. शेजारी ठोका पडला तरी दचकून पाटी खाली ठेवायचो.

भाताची लावणी उरकल्यावर दाजी कामावर आले. एका हाताच्या माणसाचं इथं काम नाही, असं मुकादमानं तोंडावर सांगितलं. दाजींनी वाद घातला नाही, फक्त एकदा बघा म्हणाले. सांडशी त्यांनी उजव्या हातात घेतली, थोटा पंजा तिच्याखाली आधाराला लावला. समोर उभं राहायला कुणी घणकरी तयार होईना. तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"माझ्यानं नाय होणार, दाजी."

"मला पन भ्या वाटतंय रं. लोखंड निवतंय, मार."

मी दांडा दोनदा हिसकून पाहिला आणि घण उचलला. तळहात घामानं निसरडे झाले होते. पाच-सहा घाव नीट बसले. मग सांडशीला हिसका बसला, पहार फिरली आणि तो थोटा पंजा ऐरणीवर आला. घण वरच्या वर कसा थोपवला, मला आठवत नाही. दाजींनी पहार सरळ केली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

पहारीचं टोक वाकडं निघालं. मुकादमानं दाजींना भात्यावर बसवलं आणि ते तिथंच राहिले. मला मात्र दुसऱ्या दिवसापासून घण घ्यायला लावला. समोर दुसराच माणूस सांडशी धरून बसला होता. लोखंडाकडे बघायचं सोडून मी त्याच्या बोटांकडेच बघत होतो.