अक्का, गुलमर्ग आणि स्नोमोबाइलचा पट्टा

नणंदेबरोबर आठवडाभर काश्मीरला जातेय म्हटल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणींनी माझी कीव केली. पण त्यांनी आमच्या अक्कांना पाहिलेलं नाही! साठी ओलांडलेल्या अक्का बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या घरामागे आपल्या गिअरलेस स्कूटरची सगळी दुरुस्ती स्वतः करतात. लग्न होऊन मी पुण्याहून इथे आले, तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा काय शिकवलं असेल, तर प्लग साफ करायला. "मेधा, बर्फावरच्या गाडीचं इंजिन एकदा बघायचंय गं," त्या म्हणाल्या, आणि फेब्रुवारीत आम्ही निघालो.

बेंगळुरूहून सकाळचं विमान, दिल्लीत बदल, संध्याकाळी श्रीनगर. दुसऱ्या दिवशी टॅक्सीने टंगमर्ग. बर्फ असेल तर तिथून वर गुलमर्गला चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते. बूट भाड्याने मिळतात. एक माप मोठे घ्या, आत दोन मोजे मावायला हवेत. राजमा-भात समोर आला की लगेच खा. फोटो काढता काढता माझा गार झाला.

गुलमर्गला स्नोमोबाइल चालवणारा बशीर भेटला. स्नोमोबाइलचा दर बसण्याआधीच ठरवा, आम्ही ठरवला. त्याच्या मागे आम्ही दोघी दाटीवाटीने बसलो. गाडी चढाला लागली आणि अक्का लहान मुलीसारख्या ओरडायला लागल्या.

बरंच वर गेल्यावर फाट्‌कन आवाज झाला. गाडी कलली, आम्ही बर्फात पडलो. मऊ बर्फ होता, आम्हाला काही झालं नाही. पण हात टेकताना बशीरचं उजवं मनगट मुरगळलं. इंजिन चालू होतं, गाडी मात्र जागची हलेना. फोनला रेंज नव्हती. वरून ढग उतरत होते. मांडीभर बर्फातून अक्कांच्या गुडघ्यांनी खाली पोचणं शक्यच नव्हतं. मी खरोखर घाबरले.

बशीरने इंजिन बंद करून बॉनेट उघडलं. आतला रबरी पट्टा तुटून चिंध्या झाला होता.

"अय्यो, हा तर आपल्या स्कूटरमधला पट्टा! फक्त थोरला भाऊ," अक्का म्हणाल्या.

"नया बेल्ट है मेरे पास, माँजी," बशीर म्हणाला. "पर एक हाथ से चढ़ेगा नहीं."

"सरी, ठीक है. दो हाथ मेरे, दो इसके. तुम बोलो."

तो सांगत गेला. आधी मी पुलीत अडकलेले तुकडे वेचून काढले. मग अक्कांनी मागची पुली पिळून, दाबून फाकवली. धापा टाकत होत्या, ओठ निळसर पडले होते. "स्वल्प जोर लाव गं!" मी पट्टा सरकवला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला, आणि बशीर "शाबाश!" म्हणून असा ओरडला की मला रडूच आलं.

नव्या पट्ट्यावर एकदम ताण द्यायचा नसतो, म्हणून बशीरने दुखऱ्या हातानेच गाडी हळूहळू खाली आणली. मनगटाला पट्टी बांधून झाल्यावर बशीरने कहवा मागवला. विरळ हवेत पेट्रोल कमी सोडायला कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक तोटी, का बदलतात, हे तो समजावत होता आणि अक्का प्रश्नामागून प्रश्न विचारत होत्या. तिथल्या रोपवेची गोंडोला पाहायची राहिली. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

परत आल्यावर एका रविवारी अक्कांचा फोन वाजला. बशीर होता. मनगट बरं झालं होतं, त्या दिवशी तो पहिल्यांदा गाडी बाहेर काढत होता. "माँजी, सुनिए," म्हणून त्याने फोन इंजिनापाशी धरला. अक्कांनी पंखा बंद केला, मला हाताने गप्प केलं आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"सुंदर चालतंय," त्या मराठीतच म्हणाल्या. त्याला कळलं असावं, कारण तो हसला.